ब्रिटनमधला आजारपणाचा भत्ता आणि एनआयची ती दोन वर्षं

प्रश्न थोडक्यात असा: ‘लेस्टरजवळच्या एका केअर होममध्ये ऑक्टोबर २०२३च्या मध्यापासून हेल्थ अँड केअर व्हिसावर काम करते. पाठीच्या दुखण्यामुळे २ फेब्रुवारी २०२६ पासून घरी आहे. स्टॅच्युटरी सिक पे (एसएसपी, आजारपणात मालकाने द्यायचा भत्ता) ऑगस्टमध्ये संपेल. दर महिन्याला पगारातून नॅशनल इन्शुरन्स (एनआय, सामाजिक विम्याचा हप्ता) कापला गेलाय, पण व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत मागता येणार नाही) ही अट आहे म्हणून सगळे सांगतात की पुढे एक पेनीही मिळणार नाही. खरं आहे का? आणि मिस्टरांना पगार आहे, तो आड येईल का?’

खरं नाही. एसएसपी संपल्यावर तुम्हाला ‘न्यू स्टाइल एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स’, म्हणजे न्यू स्टाइल ईएसए, हा आजारपणामुळे काम न जमणाऱ्याचा सरकारी भत्ता मागता येतो. व्हिसाची अट त्याला लागू होत नाही, मिस्टरांचा पगार विचारात घेतला जात नाही, बँकेतली शिल्लकही नाही. तुम्ही दिलेल्या तारखांवरून योगदानाच्या दोन्ही अटी पूर्ण होताना दिसतात. नोकरी सोडायची गरज नाही आणि कृपा करून सोडूही नका. राजीनामा दिला की स्पॉन्सरला, म्हणजे व्हिसासाठी हमी देणाऱ्या मालकाला, ते होम ऑफिसला (गृहखात्याला) कळवावंच लागतं आणि मग व्हिसाचाच प्रश्न उभा राहतो. कागदोपत्री नोकरीवर राहून, बिनपगारी आजारी रजेवर असताना ईएसए घेता येतो. स्पॉन्सर केलेल्या कामगाराची चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा झाली की अडचण येते हे बरोबर, पण आजारपणाची रजा त्या नियमातून वगळलेली आहे.

आधी व्हिसाचा गैरसमज काढून टाकू, कारण त्याच्यामुळे आपली किती तरी माणसं हक्काचे पैसे मागतच नाहीत. ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारकडून मिळणारा कुठलाही पैसा नव्हे. इमिग्रेशन रूल्समध्ये त्याची नावानिशी यादी आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट, पिप (अपंगत्वाचा भत्ता) ही नावं त्या यादीत आहेत आणि त्यांच्या वाटेला तुम्ही जायचं नाही. एसएसपी, न्यू स्टाइल ईएसए, न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, मॅटर्निटी अलाउन्स आणि स्टेट पेन्शन त्या यादीत नाहीत, कारण ते नोकरीतून किंवा भरलेल्या योगदानातून उभे राहतात. घोळ होतो तो नावामुळे. पूर्वी उत्पन्नावर आधारलेला ईएसए होता आणि तो यादीत होता, अजूनही आहे. त्यामुळे मित्रमंडळी, कधी कधी फोनवरची माणसंही, ‘ईएसए म्हणजे पब्लिक फंड’ असं सांगून मोकळी होतात. तुम्ही बोलताना प्रत्येक वेळी ‘न्यू स्टाइल’ हे दोन शब्द म्हणा. आणि कोणी सुचवलं तरी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करू नका.

आता एसएसपी. तो मालक देतो, सरकारी खात्यातून येत नाही, आणि त्यासाठी मागच्या वर्षांचं एनआय बघत नाहीत. एका आजारपणात जास्तीत जास्त २८ आठवडे मिळतो. ६ एप्रिल २०२६ पासून त्याचे नियम बदलले. आधी पहिले तीन दिवस कोरडे जायचे आणि आठवड्याची सरासरी कमाई १२५ पौंडांच्या खाली असेल तर काहीच मिळत नसे. आता पहिल्या दिवसापासून मिळतो आणि कमाईची किमान अट उरलेली नाही. रक्कम मात्र १२३.२५ पौंड किंवा सरासरी आठवडी कमाईचे ८० टक्के, यांतली कमी असेल ती. आठवड्याला ११० पौंड मिळवणाऱ्याला ८८ पौंड. २०० मिळवणाऱ्याचे ८० टक्के १६० होतात, म्हणून त्याला १२३.२५. सरासरी साधारण आजारापूर्वीच्या आठ आठवड्यांची काढतात. तुमचं आजारपण जुन्या नियमात सुरू झालं, म्हणून सोमवार ते बुधवार असे तीन दिवस बिनपगारी गेले असणार. गुरुवार ५ फेब्रुवारीपासून ११८.७५ च्या दराने आणि एप्रिलपासून १२३.२५ च्या दराने पैसे यायला हवेत. २८ आठवडे १९ ऑगस्टला भरतात. एप्रिलनंतरच्या पेस्लिपवर जुनाच दर दिसत असेल तर आजच पेरोलला लिहा.

ईएसएचं गणित वेगळं आहे आणि खरी मेख तिथेच आहे. लोक विचारतात, ‘मी इथे किती वर्षं आहे?’ किंवा ‘आजवर एकूण किती एनआय भरला?’ ईएसएसाठी हे दोन्ही प्रश्न निरर्थक आहेत. प्रश्न एकच: कोणती दोन टॅक्स वर्षं बघणार, आणि त्या दोन वर्षांत कुठल्या जातीचं योगदान आहे? वीस वर्षं भरून नेमकी ती दोन वर्षं घरी बसलेला माणूस नापास होतो आणि अडीच वर्षांपूर्वी आलेली तुमच्यासारखी बाई पास होते.

ती दोन वर्षं अशी काढायची. टॅक्स वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ५ एप्रिलला संपतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बेनिफिटचं वर्ष मात्र जानेवारीच्या पहिल्या रविवारी बदलतं. ज्या बेनिफिट वर्षात तुमचा क्लेम बसतो, ते सुरू होण्याआधी पूर्ण संपलेली शेवटची दोन टॅक्स वर्षं घ्यायची. २०२६चं बेनिफिट वर्ष ४ जानेवारीला सुरू झालं. त्याआधी पूर्ण संपलेली दोन टॅक्स वर्षं म्हणजे २०२३-२४ आणि २०२४-२५. एप्रिल २०२६ मध्ये संपलेलं २०२५-२६ हे वर्ष या क्लेमला बघतच नाहीत, ताजं असलं तरी. ते ३ जानेवारी २०२७ पासूनच्या क्लेमला कामाला येईल, २०२४-२५ च्या जोडीने.

या दोन वर्षांवर दोन अटी आहेत. दोन्हींचं माप ‘लोअर अर्निंग्ज लिमिट’ या आकड्यात, म्हणजे ज्या कमाईपासून योगदानाची नोंद होते त्या आकड्यात, मोजतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ दोन्हीत हा आकडा आठवड्याला १२३ पौंड होता, महिन्याला ५३३. २०२५-२६ मध्ये तो १२५ झाला, २०२६-२७ मध्ये १२९. एनआय प्रत्यक्ष कापायला सुरुवात होते ती बरीच वर, आठवड्याला २४२ किंवा महिन्याला १,०४८ पौंडांच्या पुढे. मधल्या पट्ट्यातल्या माणसाच्या पगारातून काही कापलं जात नाही, तरी त्याचं योगदान भरल्यासारखं धरतात. म्हणून ‘पेस्लिपवर एनआय शून्य आहे, म्हणजे माझी नोंद नाही’ असं समजून गप्प बसू नका.

पहिली अट: त्या दोनपैकी निदान एका वर्षात तुम्ही २६ आठवडे प्रत्यक्ष काम करून क्लास १ (नोकरीतलं) किंवा क्लास २चं (स्वतःच्या धंद्यातलं) योगदान भरलेलं असावं. इथे आठवड्याला १२३ पौंडांच्या वरची कमाई मोजत नाहीत. दहा आठवड्यांत वीस हजार कमावले तरी ते दहाच आठवडे. १९४८ पासून १९७५ पर्यंत एनआयच्या कार्डावर दर आठवड्याला खराखुरा स्टँप चिकटवला जाई. इथली जुनी माणसं अजूनही ‘स्टँप भरला का’ असंच विचारतात. ते कार्ड डोळ्यांसमोर आणलं की ही अट चटकन कळते: आठवड्याला एक स्टँप, असे २६. क्रेडिट म्हणून मिळालेले, म्हणजे पैसे न भरता नावावर धरलेले, आठवडे इथे चालत नाहीत.

ही अट पूर्ण होते की नाही हे तुमच्या पी-६० वर आधीच छापलेलं आहे. टॅक्स वर्ष संपल्यावर मालक देतो तो कागद काढा. एनआयच्या भागात डावीकडे कॅटेगरीचं अक्षर आहे, बहुतेकांचं ए. त्याच्या शेजारच्या रकान्यात ‘लोअर अर्निंग्ज लिमिटपर्यंतची कमाई’ दिलेली असते. महिन्याच्या पगारावर वर्षभर काम केलं असेल तर २०२४-२५ च्या पी-६० वर तिथे ६,३९६ दिसेल, म्हणजे ५३३ गुणिले १२. तुम्हाला लागतात १२३ गुणिले २६, म्हणजे ३,१९८. गंमत नाही, नेमके सहा महिन्यांचे पगार: ५३३ गुणिले ६ बरोबर ३,१९८. या रकान्यात तेवढा किंवा जास्त आकडा असेल तर पहिली अट पूर्ण. एका वर्षात दोन मालक झाले असतील तर पी-६० फक्त ५ एप्रिलला जिथे होता त्या मालकाचा मिळतो. आधीच्या ठिकाणचा हिशेब सगळ्या पेस्लिपवरून करावा लागतो.

दुसरी अट: दोन्ही वर्षांत, प्रत्येकात वेगवेगळी, लोअर अर्निंग्ज लिमिटच्या ५० पट कमाई योगदानाखाली आलेली असावी. म्हणजे प्रत्येक वर्षी ६,१५० पौंड. इथे पूर्ण कमाई मोजतात, त्यामुळे चांगला पगार असेल तर हे चार महिन्यांतही भरतं, आणि कमी पडलं तर योग्य जातीचं क्रेडिटही चालतं.

तुमचं बसवून बघू. मध्य ऑक्टोबर २०२३ पासून महिन्याला साधारण १,७०० पौंड धरले, तर मार्चअखेरपर्यंत अर्धा आणि पाच पूर्ण पगार, एकूण ९,३५०. हे ६,१५०च्या वर आहे, म्हणून २०२३-२४ झालं. २०२४-२५ पूर्ण वर्ष काम, ते झालं, आणि २६ आठवड्यांची पहिली अटही त्यातच भागली. पगाराचा आकडा माझा अंदाज आहे, तुमच्या पेस्लिपवरचा घालून बघा. केअर व्हिसावर आलेल्या पुष्कळांना सुरुवातीचे महिने कबूल केलेले तास मिळालेच नाहीत. त्यामुळे या सहा महिन्यांची बेरीज स्वतः करा, गृहीत धरू नका.

कधी आला यावर किती फरक पडतो बघा. जानेवारी २०२४ मध्ये महिना ३,००० पौंडांवर आलेल्याची मार्चअखेरपर्यंत नऊ हजार कमाई होते, म्हणून २०२३-२४ त्याच्या हिशेबात आलं. त्याला ४ जानेवारी २०२६ पासून दार खुलं. मे २०२४ मध्ये त्याच पगारावर आलेल्याची २०२३-२४ मध्ये कमाईच नाही. त्याने २०२४-२५ आणि २०२५-२६ भरली तरी ३ जानेवारी २०२७ पर्यंत त्याच्यासाठी काही नाही. चार महिने उशिरा आल्याची किंमत एक वर्ष. डिसेंबरात आजारी पडून जानेवारीच्या पहिल्या रविवारच्या अलीकडे-पलीकडे क्लेम करणाऱ्याने दोन्ही बाजूंची वर्षं मांडून बघावीत. एका तारखेने नकाराचा होकार होऊ शकतो.

आता कुठे फसतं ते. हे तुमच्यापुरतं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना लागू आहे.

सगळ्यात जास्त माणसं दोन छोट्या नोकऱ्यांत अडकतात. लोअर अर्निंग्ज लिमिट प्रत्येक नोकरीला वेगळी लावतात. सकाळी सफाईचे ११० पौंड आणि संध्याकाळी किचनचे ११० पौंड असे आठवड्याला २२० मिळवणाऱ्याच्या नावावर एकही स्टँप पडत नाही. एकाच मालकाकडे २२० मिळवणाऱ्याच्या नावावर पडतो. तीच गत दहा तासवाल्यांची. २०२५-२६ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ होतं. दहा तासांचे १२२.१० होतात आणि मर्यादा १२५. २०२६-२७ मध्ये वेतन १२.७१ झालं, दहा तासांचे १२७.१०, आणि मर्यादा १२९. दोन्ही वर्षी दोन-तीन पौंडांनी हुकतं. अकरावा तास मिळाला की नोंद सुरू होते. हा एक तास मालकाकडे मागून घेण्यासारखा आहे, आणि विद्यार्थी व्हिसावर कॉलेजच्या दिवसांत वीस तासांची मुभा असते, त्यात तो सहज बसतो.

तास दर आठवड्याला बदलत असतील तरी हीच अडचण. एनआय इन्कम टॅक्ससारखा वर्षभर साचत जात नाही, प्रत्येक पगाराच्या मुदतीचा स्वतंत्र हिशेब होतो. एका महिन्यात ४०० आणि पुढच्यात २,००० मिळाले तर पहिला महिना पूर्ण वाया.

कंपनीने भारतातून पाठवलेल्या आयटीवाल्यांनी पेस्लिपवरचं अक्षर बघावं. भारतीय मालकाच्याच नोकरीत राहून तात्पुरतं आलेल्याला पहिले ५२ आठवडे एनआयमधून सूट असते आणि अक्षर एक्स दिसतं. हातात पगार जास्त येतो, पण ते वर्ष ईएसएच्या दृष्टीने कोरं राहतं. भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत ठरलेल्या दुहेरी योगदानाच्या करारात ही सूट ५२ आठवड्यांपेक्षा बरीच जास्त काळाची आहे. त्याचा लाभ घेणाऱ्याने इथल्या आजारपणासाठी ईएसएवर विसंबू नये. कंपनीच्या विम्यात उत्पन्नाचं संरक्षण आहे का ते आधी विचारून ठेवावं.

स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एप्रिल २०२५ पासून मालकाचा एनआय वर्षाला ५,००० पौंडांवरच सुरू होतो. तो वाचवायला डायरेक्टरचा पगार पाच हजारच ठेवावा, बाकी डिव्हिडंड घ्यावा, असा सल्ला मिळतो. पण २०२५-२६ची लोअर अर्निंग्ज लिमिट वर्षाला ६,५०० आहे आणि डिव्हिडंडवर एनआयची नोंद होत नाही. पाच हजारांवर राहिलं की वर्षाला काही शे पौंड वाचतात आणि पेन्शनचं वर्ष जातं, ईएसएचंही जातं. दुसरीकडे कुठे नोकरी नसेल तर मी हा सौदा मुळीच सुचवणार नाही.

स्वतःचा धंदा असलेल्यांचा नफा ठरलेल्या मर्यादेवर असेल (२०२४-२५ मध्ये ६,७२५ पौंड, २०२५-२६ मध्ये ६,८४५) तर क्लास २ न भरताही भरल्यासारखा धरतात. त्याखाली असेल तर क्लास २ आपणहून भरता येतो, २०२५-२६ साठी आठवड्याला ३.५० पौंड. तो जरूर भरा, सेल्फ असेसमेंटमधून (स्वतः भरायच्या कर विवरणपत्रातून), वेळेत. क्लास ३ मात्र कितीतरी महाग, त्याच वर्षासाठी आठवड्याला १७.७५, आणि तो फक्त पेन्शनसाठी. क्लास ३ भरून ईएसएची अट पूर्ण होत नाही. पोकळी भरायची म्हणून हजार पौंड क्लास ३मध्ये घातले आणि मग आजारपणात हात हलवत परतावं लागलं, असं होऊ नये.

क्रेडिटचंही असंच. युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिटबरोबर येणारी क्रेडिट्स क्लास ३च्या जातीची. न्यू स्टाइल जॉबसीकर्स, केअरर्स अलाउन्स, मॅटर्निटी अलाउन्स आणि ईएसए यांच्याबरोबरची क्लास १ची. म्हणूनच एचएमआरसीच्या (कर खात्याच्या) ॲपवर वर्षासमोर ‘फुल’ दिसलं तरी हुरळून जाऊ नका. तो शेरा पेन्शनसाठी आहे. त्या वर्षावर बोट ठेवून आत जा आणि ते कशाने भरलंय ते वाचा.

स्विंडन किंवा साउथॉलमधली आपली पोर्तुगीज पासपोर्टवरची गोंयकार मंडळी सेटल्ड स्टेटसवर (कायम राहण्याच्या परवानगीवर) असतील तर त्यांना व्हिसाची अट नाही, पण दोन वर्षांचा हिशेब अगदी हाच. पोर्तुगालमध्ये खरोखर काम करून योगदान भरलं असेल तर ते जोडून घेण्याची सोय आहे. नुसत्या पासपोर्टने काही जोडलं जात नाही. भारतातल्या पीएफ किंवा ईएसआयची वर्षं इथे कोणालाच धरता येत नाहीत.

तुमच्या क्षेत्रात आणखी एक दुखणं आहे: पगारातून एनआय कापलाय, पण मालकाने एचएमआरसीकडे भरलाच नाही. यात कामगाराचं नुकसान होऊ नये अशी तरतूद आहे. मालकाने तुमच्या संमतीशिवाय आणि तुमचा हलगर्जीपणा नसताना भरणा चुकवला, तर तुमचा हिस्सा भरल्यासारखा धरतात. पण ते सिद्ध करायला पेस्लिप लागतात, आणि त्यावरच्या रकमा बँकेत आल्याचं स्टेटमेंट लागतं. दुसरं, पेस्लिपवर तुमचा एनआय नंबर बरोबर आहे का बघा: दोन अक्षरं, सहा आकडे, शेवटी एक अक्षर. नंबर मिळायच्या आधी काम सुरू केलेल्यांचे सुरुवातीचे महिने पुष्कळदा नावाशी जोडलेलेच नसतात. तुमचे तर नेमके तेच महिने २०२३-२४च्या बेरजेत लागणार आहेत. आज ॲप उघडून २०२३-२४ तपासा. तिथे काही दिसत नसेल तर पेस्लिपच्या प्रती जोडून एचएमआरसीच्या नॅशनल इन्शुरन्स विभागाला लिहा. ऑगस्टच्या आत हे मिटलं पाहिजे.

अर्ज करायला एसएसपी संपण्याची वाट बघू नका. संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुम्हाला २० मेपासूनच. मालकाने तुम्हाला एसएसपी-१ हा फॉर्म द्यायचा असतो आणि तो २३वा आठवडा सुरू होईपर्यंत द्यायला हवा. तुमच्या बाबतीत ती तारीख ९ जुलै. पेरोलला आत्ताच ई-मेल टाका, तारीख लिहून. बाकी लागतं ते एनआय नंबर, बँकेचा सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक, जीपीचा (फॅमिली डॉक्टरचा) पत्ता आणि फिट नोट, म्हणजे आजारी असल्याचा दाखला. फिट नोटमध्ये एका दिवसाचीही फट पडू देऊ नका. जीपीची वेळ मिळत नसेल तर फिजिओथेरपिस्ट, नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फार्मासिस्टलाही ती देता येते, जुलै २०२२ पासून. ईएसएला एरवी पहिले सात दिवस पैसे नसतात, पण एसएसपीवरून थेट येणाऱ्याला ते लागत नाहीत.

अर्जानंतर जॉबसेंटरची (भत्त्यांच्या सरकारी कार्यालयाची) भेट होते, ‘क्लेमंट कमिटमेंट’वर सही होते. मग ईएसए-५० नावाची जाड प्रश्नावली येते. ती चार आठवड्यांत परत पाठवायची असते. सुरुवातीच्या १३ आठवड्यांच्या काळात २५ वर्षांवरच्याला आठवड्याला ९५.५५ पौंड मिळतात, दर पंधरवड्याला खात्यात. तपासणीनंतर सपोर्ट ग्रुपमध्ये (जास्त गंभीर आजाऱ्यांच्या गटात) घातलं तर १४५.९०, दुसऱ्या गटात घातलं तर ९५.५५च. ही रक्कम करपात्र आहे. दुसऱ्या गटाला एकूण ३६५ दिवसांची मर्यादा आहे आणि सुरुवातीचे १३ आठवडेही त्यातच धरतात. सपोर्ट ग्रुपला मुदत नाही.

प्रश्नावली भरताना ‘पाठ खूप दुखते’ असं लिहून भागत नाही. तिथे गुण असतात आणि १५ लागतात. १०० मीटरपेक्षा जास्त चालणं थांबल्याशिवाय किंवा खूप त्रास झाल्याशिवाय जमत नसेल तर ९ गुण. बसून-उभं राहून आलटून-पालटूनही एका जागी तासभर टिकता येत नसेल तर ६. झाले १५. चालणं ५० मीटरच्या आत अडत असेल तर एकट्या त्यालाच १५, आणि सपोर्ट ग्रुपचाही विचार होतो. आपली माणसं इथे ‘जमतं कसंबसं’ असं लिहून स्वतःचं नुकसान करतात. एकदा कसंबसं जमणं हे माप नाही. तेच पुन्हा पुन्हा, वाजवी वेळात जमतं का, ते विचारलेलं असतं. घरापासून बसस्टॉपपर्यंत किती मीटर आहे ते फोनवर मोजा, मध्ये किती वेळा थांबावं लागतं, परतल्यावर किती वेळ पडून राहावं लागतं ते लिहा. औषधांची नावं, एमआरआयचा अहवाल, फिजिओच्या तारखा यांच्या प्रती जोडा. मूळ कागद पाठवू नका.

या काळात भारतात जायचं झालं तर आधी कळवून जा. तात्पुरत्या गैरहजेरीत ईएसए साधारण चार आठवडे चालू राहतो, खास त्याच आजाराच्या उपचारांसाठी गेल्यास २६ आठवड्यांपर्यंत. न कळवता सहा आठवडे पुण्यात राहून आल्यावर दिलेले पैसे परत मागितले जातात. कायमचं परत गेलात तर तो तिथे मिळत नाही.

नकार आला तर आधी नकाराचं कारण वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो. ‘योगदान अपुरं’ असं असेल तर कुठली दोन वर्षं बघितली ते विचारा आणि पी-६० समोर ठेवा. नोंदच चुकीची असेल तर ती एचएमआरसी दुरुस्त करते, जॉबसेंटरवाले नाही, म्हणून तिथेही लेखी जा. ‘काम करण्यास सक्षम’ असं असेल तर वाद गुणांचा आहे. दोन्ही बाबतीत निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’ (फेरविचार) लेखी मागा, तिथेही नाही ऐकलं तर ट्रायब्युनलकडे अपील, त्याला फी नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची माणसं हे विनामूल्य लिहून देतात. आणि योगदान अपुरं म्हणून पैसे नाकारले गेले तरी आजारी असेपर्यंत ‘फक्त क्रेडिटसाठी’ क्लेम चालू ठेवता येतो. त्यातून क्लास १ची क्रेडिट्स मिळतात आणि पुढच्या जानेवारीत वर्षं बदलली की दुसऱ्या अटीला तीच कामी येतात.